डबीतली बडीशेप

भिका, तुझ्या दहाव्याला नदीवर दोघे-तिघे कुजबुजत होते, ‘शेवटी गर्दनंच नेला.’ बायका नदीवर येत नाहीत म्हणतात, पण मी आले होते, आणि मी ते ऐकलं. तू असतास तर माझा पदर धरून मला मागं ओढलं असतंस, कारण मी गप्प बसणारी नाही हे तुला ठाऊक. ओढायला कोणी नव्हतं. मग मी तिथंच, कावळ्याची वाट बघणाऱ्या सगळ्या पाव्हण्यांसमोर सुनावलं, की माझा भाऊ काविळीनं गेला, त्याच्या गल्लीतल्या नळाचं पाणी प्यालेले आणखी चौघं त्याच आठवड्यात दवाखान्यात होते, आणि गर्दला त्यानं नऊ वर्षांत हात लावला नव्हता. तेवढ्यात कावळ्यानं पिंड उचलला. ‘त्यालासुद्धा तुझा आवाज सोसला नसेल,’ असं तू म्हणाला असतास.

आता अखाजी बारा दिवसांवर आली आहे. दवाखान्यातल्या माझ्या देशावरच्या मैत्रिणींना सांगून सांगून दमले, की अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आठ-आठ दिवस गाणी म्हणतात, आणि त्याच सणाला वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. त्यांना वाटतं, झोका आणि पितर एका दिवशी कसे? मला कधी वेगळे वाटलेच नाहीत. यंदा तुझी घागर भरायची आहे, आणि मला न्यायला कोणी येणार नाही.

तू यायचास तो थाट मला अजून दिसतो. धुळ्याच्या स्टँडवर उतरून रिक्षा करणार नाहीस, कारण ‘रिक्षावाल्यानं रिक्षात बसणं म्हणजे आचाऱ्यानं खानावळीत जेवणं.’ दोन्ही काखेत दोन डांगरं, देशावरच्या बाया ज्यांना खरबुजं म्हणतात ती, घेऊन चालत यायचास, घामानं निथळत. तुझे दाजी म्हणायचे, ‘आला माझा साला, आता घरात आठ दिवस शांतता.’ जेवण झालं की खिशातून ती डबी निघायची. पितळेची, लंबगोल, झाकणावर पोपट, एका कडेला पोचा आलेला. झाकण उघडून माझ्यापुढं धरायचास.

“घे अक्का, बडीशेप शे.”

मी घेतली नाही. एकदाही नाही. कधी दाढ दुखते म्हणाले, कधी उपास, कधी आत्ताच चूळ भरली. आठ अखाज्या गेल्या अशा. तू हसायचास, दाजींना द्यायचास, एक चिमूट स्वतः तोंडात टाकायचास आणि डबी परत खिशात. मला वाटायचं, बिचाऱ्याला माहीत नाही ही डबी कसली आहे. तो पोचा मला डोळे मिटून सापडला असता, भिका. माझ्याच हातून पडून आलेला होता तो.

तुझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून मायनं तुझ्या बारशाच्या आधी पाच घरी पदर पसरून मूठ-मूठ धान्य मागून आणलं आणि तुझं नाव भिकन ठेवलं. मागून आणलेलं पोर देव परत नेत नाही म्हणे. बाबा पाटाच्या खोदकामावर महिनोन्‌महिने बाहेर, आणि माय गिरणाकाठच्या केळीच्या बागेत मजुरीला. तुला सांभाळायला मी. नऊ वर्षांची. सकाळी निघताना माय चुलीमागच्या कोनाड्यातून डबी काढायची, त्यातली काळी चिकट अफू मोहरीएवढी नखावर घ्यायची आणि तुझ्या तोंडात टाळूला चोळायची. तू दुपार टळेपर्यंत झोळीत निजायचास. गावात सगळ्यांच्याच घरी अशी डबी होती. तिला कोणी वाईट म्हणत नव्हतं. मीठ-मिरचीसारखी ती घरातली वस्तू होती.

“मोहरीना दाणाइतली,” माय मला सांगायची. “मी नसतानी लई रडना तरच. जास्ती नको.”

त्या वर्षीच्या अखाजीला चार दिवस होते. पाटलाच्या खळ्यातल्या निंबाला झोका बांधला होता आणि गल्लीतल्या सगळ्या मुली तिथं होत्या. मला गाणी त्यांच्यापेक्षा जास्त यायची, आणि माझा नंबर आला की दोरी मला कोणी सोडायला लावू शकत नव्हतं. तुला झोळीत घालून मी निघाले तर तू उठलास. मायनं सकाळी दिलेली होती. मी कोनाड्यात चढून डबी काढली, हातातून पडली, पोचा आला, आणि मी तुला दुसरी दिली. मोहरीएवढी नव्हती ती. मला घाई होती.

परत आले तेव्हा तू निळा पडला होतास. हलवलं तर मान लोंबायची. तुला उचलून मी विहिरीपाशी पळाले, आणि गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी होती तिच्यात तुला गळ्यापर्यंत बुडवलं, गालांवर मारलं, नाक दाबलं, काय-काय केलं ते मला आज नर्स असूनही सांगता येणार नाही. किती वेळानं तरी तू खोकलास आणि रडलास. तुझं ते रडणं मी अजून ऐकते. मी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मायनं विचारलं, “पोऱ्या निजना व्हता का वं?” मी म्हटलं, निजना व्हता.

हे सगळं मी तुला सांगायला हवं होतं. अडतीस वर्षं तू माझ्यासमोर होतास आणि मी डांगरं चिरत बसले.

मी नर्स का झाले, असं कोणी विचारलं की मी सांगते, मामानं फॉर्म भरला. खरं कारण कुंडीत आहे. धुळ्याजवळच्या उपकेंद्रावर नेमणूक झाली आणि पहिल्या सुट्टीत मी घरी येऊन मायची ती डबी जप्त केली. तू तेव्हा तेरा वर्षांचा, दारात उभा राहून बघत होतास. माय म्हणाली, शेजारणीच्या नातवाला लागते, राहू दे. मी एक शब्द ऐकला नाही. मग खेडोपाडी लसी द्यायला गेले की आधी कोनाडे तपासायचे. बाया मला डबीवाली बाई म्हणायला लागल्या. मला बघून कोणी डबी पिठात लपवायची, कोणी चोळीत. मीही काही कमी नव्हते. अफू मोरीत ओतायची, डबी राखेनं घासायची आणि बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायची. पितळ फेकवत नाही, तुला माहीतच आहे माझा स्वभाव.

यावरूनच आपलं पहिलं मोठं भांडण झालं. तू मॅट्रिक होऊन जळगावला पाइपांच्या कारखान्यात लागला होतास, सुट्टीला माझ्याकडे आला होतास आणि माझ्यासोबत एका वस्तीवर आलास. एका बाईनं डबी दिली आणि तिच्या मागोमाग कडेवरचं पोरही माझ्या हातात दिलं. “बाई, डबी तुम्ही लई जाशात, मंग हाऊ पोऱ्या बी तुम्हीच संभाळा. माले वावरमा जानं शे.” मी तिला खूप बोलले. पोर परत तिच्या कडेवर ठेवून आले. परतीच्या वाटेवर तू म्हणालास, “अक्का, डबी लेस, पोऱ्याले कोण लेस?” मी म्हटलं, माझं काम डबी घेणं. तू म्हणालास, हे अर्धं काम झालं. मी म्हटलं, शहाणपण शिकवू नको. ते भांडण नंतर वर्षातून एकदा आपण काढायचोच.

नंतरची वर्षं मला भराभर सांगायची आहेत, पण ती भराभर गेली नव्हती. गर्द नावाची पूड मुंबईहून खाली येत येत जळगावच्या स्टेशनाबाहेर, टॉकीजमागं, पोचली होती. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी लावायची. तुझ्या पाळीतल्या मित्रांनी ओढली, तूही ओढलीस. सहा महिन्यांत नोकरी गेली. तू बारीक झालास, नाक वाहायचं, सारखा शर्टाच्या बाह्या ओढायचास. प्रत्येक वेळी वेगळी सबब. रात्रपाळीनं झोप उडाली म्हणून. बाबा गेले म्हणून. दाढ दुखते म्हणून. एका मुलीनं नाही म्हटलं म्हणून. नंतर कळलं की तिला तू विचारलंच नव्हतंस. मी सगळ्या सबबींवर विश्वास ठेवला, एकापाठोपाठ एक. नर्स असून.

आणि मग ती चोरी. तू आलास, दोन दिवस राहिलास, चांगला वागलास, अंगणसुद्धा झाडलंस. मी खुळी, दाजींना म्हटलं, सुधारतोय. तिसऱ्या दिवशी तू गेलास आणि माझा बिस्किटांचा डबाही गेला. दागिने होते तिथंच. माझं घड्याळ तिथंच. तुला वाटलं होतं, अक्काकडे जप्त केलेली अफू आहे.

पंधरा दिवसांनी जळगावहून निरोप आला की तुला रेल्वे फाटकाजवळ पकडलंय. कोणाच्या तरी चार पुड्या पोचवत होतास, त्यातली एक तुला मिळणार होती. मी आणि दाजी गेलो. साहेबांच्या टेबलावर सत्तावीस डब्या रांगेनं मांडलेल्या होत्या, आणि हवालदार वाकून एकेक हुंगत होता.

“बाई, ह्या तुमच्या म्हणतो हा.”

“माझ्याच आहेत.”

“सत्तावीस? अफूच्या?” त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “धंदा आहे की काय?”

“मी नर्स आहे. ह्या जप्त केलेल्या आहेत, आणि अफूच्या होत्या. आता नाहीत. नीट हुंगा, राखेनं घासल्यात.”

साहेब खाली मान घालून हसला. तू कोपऱ्यात फरशीवर बसला होतास, थरथरत, गुडघ्यांत तोंड घालून. तिथून तुझा आवाज आला. “अक्का, तुन्या डब्या बी तुन्यासारख्याच. घासेल-पुसेल, कोरड्या, काहीच कामन्या नहीत.” मला एकदम हसू आलं, भिका. पोलीस ठाण्यात, भाऊ बेड्यांत, आणि मी तोंडाला पदर लावून हसतेय. हवालदाराला वाटलं, रडतेय. त्यानं मला पाणी दिलं. घरी येताना एस.टी.त मग मी खरंच रडले, पारोळ्यापर्यंत.

अकरा महिने आत होतास. मी दर महिन्याला दशम्या घेऊन यायचे, आणि तू जाळीमागून आधी दशम्यांकडं बघायचास, मग माझ्याकडं. सुटलास आणि आठवड्यात पुन्हा ओढलीस. त्या दिवशी मी तुला खूप वाईट बोलले. मायच्या पोटी दोन मेले तसा तिसरा मेला असतास तर बरं झालं असतं, असं बोलले. हे बोलणारी कोण होती, तर जिनं तुला कुंडीत बुडवून परत आणलं ती. तू माझ्याकडं बघितलंस आणि चपला घालून निघून गेलास. त्या शब्दांची माफी मी नंतर मागितली, तू “बरं” म्हणालास. पण मला ते अजून फिटलंसं वाटत नाही.

शेवटी तुला सरकारी दवाखान्यात दाखल केलं ते मायनं. मी तुझं नाव घेत नव्हते. ती एकटी एस.टी.नं जळगावला गेली, तुला कुठून शोधून काढलं देव जाणे, आणि तीन आठवडे तुझ्या कॉटखाली चटई टाकून राहिली. तू ओकलास, ओरडलास, तिचा हात चावलास. तीन आठवड्यांनी तू बाहेर आलास आणि त्यानंतर कधीच नाही. मी मायला विचारलं, डॉक्टरांना जमलं नाही ते तू कसं केलंस? ती म्हणाली, “काही नही वं. बोलत बसनू.” त्यापेक्षा जास्त तिच्या तोंडून निघालं नाही, आणि दोन वर्षांनी ती गेली.

तिथल्या डॉक्टरांना मी एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. कुणाला न सांगितलेलं त्या परक्या माणसाला सांगितलं. लहानपणी अफू दिलेल्या पोराला मोठेपणी हे व्यसन लागतं का? त्यांनी मान हलवली. “सिस्टर, असं असतं तर तुमच्या भागातली निम्मी माणसं माझ्या वॉर्डात असती.” डोक्याला ते पटलं. पण तेव्हापासून एकही अखाजी अशी गेली नाही की झोक्याला हात लावताना मला तुझी लोंबती मान आठवली नाही. मनातून मीच तुला ते लावलं असं मी धरून चालले होते. आणि तुला माहीत नाही म्हणून देवाचे आभारही मानत होते.

नंतरची नऊ वर्षं मात्र तू आम्हाला दिलीस, आणि ती मी मिटक्या मारत आठवते. तू रिक्षा घेतलीस. सुमनला बघायला गेलास तेव्हा पोहे यायच्या आधीच सांगून टाकलंस की मी गर्द ओढायचो, जेलमध्ये होतो, आता विचारा काय विचारायचं ते. तिचे वडील उठून आत गेले. सुमन तिथंच बसून राहिली आणि म्हणाली, “रिक्षा तुमनीच शे का भाड्यानी?” असली सून बघायला माय असती तर नाचली असती. खटला संपल्यावर पोलिसांनी डब्या परत दिल्या होत्या. तू त्या मला आणून दिल्यास आणि म्हणालास, यातली एक मी घेतो, बडीशेप ठेवायला, तलफ आली की तोंडात टाकायला काहीतरी लागतं. सत्तावीस डब्यांत हात फिरवलास आणि पोपटाची, पोचा आलेली उचललीस. मी घाईनं म्हटलं, याहून चांगल्या आहेत की, ही घे फुलाची. तू म्हणालास, हीच बरी, खिशात बसते.

तुझी चिमी झाली आणि सुमनच्या मावशीनं बाळंतिणीच्या खोलीत अशीच डबी आणली, तेव्हा तू आयुष्यात पहिल्यांदा म्हातारीवर आवाज चढवलास म्हणे. मला वाटलं, माझ्या भाषणांचा परिणाम. मी दाजींना फुशारकीनं सांगितलं. गेल्या अखाजीला आपलं वार्षिक भांडण निघालं तेव्हा मी तेच पुढं केलं, की बघ, तूही डबी फेकलीसच ना? तू म्हणालास, फेकली, पण मग चार महिने रिक्षा दुपारी बंद ठेवून पोर मी सांभाळली. तसं कोणी नसलं की घरातल्या पोरीच्या गळ्यात पडतं. “नऊ वरीसनी पोर काय करी, अक्का? ती बी पोरच ना.” आणि डबी माझ्यापुढं धरलीस.

मी म्हटलं, दाढ दुखते.

नऊ हा आकडा कुठून आला, असं मला क्षणभर वाटलं. पण डांगर कापायचं होतं, चिमी झोक्यावरून उतरत नव्हती, तेवढ्यात राहून गेलं.

होळीच्या आधी तुला कावीळ झाली. आधी मीही हसले, म्हटलं, पिवळा झालास, आता मोसंबीच्या गाडीवर बस. मग पोट फुगलं, बोलणं अडखळायला लागलं, आणि मी रजा काढून आले. दवाखान्यातल्या त्या सहा दिवसांत प्रत्येक इंजेक्शनला तू सिस्टरचा हात धरायचास आणि माझ्याकडं बघायचास. “अक्का, यामा ते नही ना?” मी बाटली हातात घेऊन नाव मोठ्यानं वाचायचे, म्हणायचे, नाही रे, हे उलटीचं आहे, हे व्हिटॅमिन आहे. मग तू हात सोडायचास. शेवटच्या दिवशी तुला शुद्ध नव्हती. मी तरीही प्रत्येक बाटली तुझ्या कानाशी वाचली. सिस्टर म्हणाली, मावशी, त्यांना ऐकू येत नाही. मी म्हटलं, त्याला सवय आहे.

तेराव्यानंतर सगळे गेले. सुमन भांडी लावत होती, चिमी पायरीवर. सुमननं पदराला हात पुसले, फळीवरून डबी काढली आणि माझ्या ओच्यात ठेवली. मी म्हटलं, मला नको, तुझ्याकडं राहू दे. ती खाली बसली.

“अक्का, त्यासले बठ्ठं माहीत व्हतं.”

मला आधी कळलं नाही, तुला सगळं माहीत होतं म्हणजे काय. मग तिनं सांगितलं. माय कॉटखाली राहिली होती त्या दवाखान्यात, चौथ्या का पाचव्या दिवशी, तू मायला म्हणाला होतास की मी सुटणार नाही, माझ्या रक्तातच आहे. तेव्हा मायनं सांगितलं. डबी, मोहरीएवढी गोळी, आणि दुसरी गोळीही. तिला सगळं माहीत होतं, भिका. संध्याकाळी घरी आली तेव्हा तुझं जावळ ओलं होतं, डबीला पोचा होता, आणि झोक्यावरून कधी न उतरणारी मी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते. तिनं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरगी भीतीनं मेली असती, असं तुला म्हणाली म्हणे. आणि मग म्हणाली, “मी दिधी, अक्कानी बी दिधी. पन तवय तुले वाचा नव्हती. आते शे. मंग म्हण, नको.”

म्हणजे हे बोलत बसली होती माय तीन आठवडे.

“माले का सांगं नही?” मी विचारलं तसं सुमन म्हणाली, “ते म्हनेत, अक्काले सांगू नको. तिले वाटस माले माहीत नही. तिले तसंच वाटू दे. आते ते नहीत, म्हणीसन सांगस.”

त्या दिवसापासून मी हे एकच धरून बसले आहे. तू जगातल्या सगळ्या सबबी वापरल्यास. मेलेले बाप, न विचारलेल्या मुली, न दुखणाऱ्या दाढा. आणि खरी वाटेल अशी, कोणीही मान डोलावेल अशी एक सबब तुझ्या हाताशी आयती होती. ‘लहानपणी अक्कानं दिली.’ मी तुला मर म्हणाले त्या दिवशी ती तुला माहीत नव्हती, बरं. पण नंतर? नातेवाइकांत, सुमनच्या बापासमोर, माझ्याशी भांडताना, दर वर्षी मी तावातावानं डब्यांवर व्याख्यान देत असताना? एकदाही काढली नाहीस. नुसती डबी पुढं धरत राहिलास. मला लाज वाटते, आणि त्याच्या दुप्पट माझा जीव तुझ्यावर भरून येतो. भावानं बहिणीला घालायची असते ती ओवाळणी मला आयुष्यभर मिळत होती आणि मी दाढ दुखते म्हणत होते.

रागही येतो, खोटं कशाला बोलू? दोघंही मेल्यासारखे गप्प राहिलो. तू एकदा म्हणाला असतास, अक्का, ओल्या जावळाचं मला माहीत आहे, तर आपण दोघं त्या निंबाखाली बसून रडलो असतो आणि मग तू काहीतरी अचरट बोलला असतास. ते अचरट काय असतं, ते मी रोज शोधते. मला तुझ्यासारखं सुचत नाही.

आपलं भांडण मी हरले असं म्हणणार नाही. डबी घ्यायलाच हवी, भिका, मी कुंडी पाहिली आहे. पण उपकेंद्राच्या ओसरीत मी तीन झोळ्या बांधल्या आहेत आणि वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या दिवसा तिथं बसतात. ते अर्धं काम होतं असं तू म्हणायचास ना, म्हणून सांगितलं. जास्त मिरवू नकोस.

अखाजीला मी एकटीच येईन. स्टँडवरून चालत, दोन्ही काखेत डांगरं घेऊन. सुमनबरोबर तुझी घागर भरीन, चिमीला झोका देईन, आणि जमलं तर दोरी धरून मीही बसेन. घागरीपुढं बोलावं तर तिथं माणसं असतील, म्हणून आत्ताच, इथं बोलून घेते. दुसरी गोळी मी दिली होती. मला झोका खेळायचा होता. तुला ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

डबी माझ्यासमोर आहे. उघडली. अर्धी भरलेली आहे अजून, तूच भरलेली. चिमूटभर तोंडात टाकली.

गोड शे रे, भिका.